मुरणारा धातू

आमच्या रोह्याच्या शाळेतून दहावी झालेला एक मुलगा सध्या पीएच.डी.च्या शेवटच्या टप्प्यात आहे. विषय आहे उच्च ताकदीच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूंचं वेल्डिंग. जमातीच्या गुणगौरव कार्यक्रमात त्याचं नाव पुकारलं तेव्हा शेजारी बसलेल्या एका बुजुर्गांनी मला विचारलं, "डॉक्टर झाला म्हणता, मग दवाखाना कुठं टाकणार? रोह्यात की पेणला?" मी हसलो. पण खरं सांगायचं तर माझी समजही त्यांच्या फार पुढे नव्हती. ॲल्युमिनियमचे दोन तुकडे जोडायचे, त्यात चार-पाच वर्षं संशोधन ते कसलं?

मग एक दिवस तो घरी आला. म्हणाला, "सर, प्रबंधाचा गोषवारा मराठीत आणि उर्दूत दोन-दोन पानं लिहून द्याल का? अब्बांना वाचता यायला हवा." मी भाषेचा मास्तर, विज्ञान दहावीलाच सुटलं. हो म्हणून बसलो आणि पहिल्याच शब्दाला अडलो. वेल्डरला मराठीत काय म्हणतात? आयटीआयच्या पाटीवर ‘संधाता’ लिहिलेलं असतं, पण आयटीआयच्या फाटकाबाहेर तो शब्द मी कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. सोनार डाग देतो, तांबट झाळतो, उर्दूत टांका लावतात. यातला एकही शब्द त्या मुलाच्या कामाला पुरत नव्हता. म्हणून मी त्यालाच म्हटलं, आधी मला नीट समजावून सांग. पुढचे तीन महिने पेण ते रोहा गाडीत, कधी शाळेच्या ओट्यावर बसून, त्याने मला जे सांगितलं आणि त्यानंतर मी जे वाचलं, ते इथे लिहितो आहे. त्यात माझ्या मामूंची एक गोष्टही आली. ती टाळता आली नाही.

आपल्या घरांत ॲल्युमिनियमला अजून ‘जर्मन’ म्हणतात. जर्मनचा टोप, जर्मनचं पातेलं. लहानपणी मोहल्ल्यात कल्हईवाला यायचा. भाता लावून तो तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करायचा, गळक्या हंड्याला डाग द्यायचा. पण अम्मीने भोक पडलेला जर्मनचा टोप पुढे केला की तो मान हलवायचा. फार तर ठोकून एक रिपीट मारून द्यायचा. त्याची कारागिरी कमी नव्हती, धातूचा स्वभावच तसा आहे. ॲल्युमिनियम उघडं पडलं की क्षणात हवेतला ऑक्सिजन घेऊन स्वतःवर एक पातळ कातडी चढवतं. धातू ६६० अंशांना वितळतो आणि ही कातडी मात्र सुमारे २०५० अंशांपर्यंत दाद देत नाही. आतलं पाणी होतं, वरची साल तशीच, मग एक थेंब दुसऱ्यात मिसळणार कसा?

गंमत पाहा. हेच ॲल्युमिनियम दुसऱ्यांना मात्र छान जोडतं. १८९५ मध्ये हान्स गोल्डश्मिट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ॲल्युमिनियमची पूड आणि लोखंडाचा ऑक्साइड एकत्र पेटवून वितळलेलं लोखंड मिळवलं. ती थर्मिट पद्धत. रुळांचे सांधे आजही जागेवर याच पद्धतीने जोडतात. रोहा म्हणजे कोकण रेल्वेचं तोंड. १९९८ मध्ये इथून थेट मंगळुरूपर्यंत गाडी सुरू झाली. तेव्हा रुळावर मूस ठेवून केलेला तो भडका आमच्यापैकी अनेकांनी लांबून पाहिला असेल, त्यात ॲल्युमिनियम जळतं आहे हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. भांड्यातलं ॲल्युमिनियम मऊ असतं, त्याचं विमान होत नाही. ताकदीचं ॲल्युमिनियम माणसाच्या हाती आलं ते बर्लिनजवळच्या न्यूबाबेल्सबर्ग इथल्या एका प्रयोगशाळेत, १९०६ साली. आल्फ्रेड विल्म नावाचा संशोधक काडतुसांच्या पितळेला हलका पर्याय शोधत होता. लोहार कोयत्याला पाणी देतो तसं त्याने तांबं आणि थोडं मॅग्नेशियम मिसळलेलं ॲल्युमिनियम पाचशे अंशांच्या वर तापवून पाण्यात बुडवलं. पोलाद असं बुडवलं की लगेच कडक होतं. हा तुकडा मऊच राहिला. शनिवार होता. सहायकाने काही मोजमापं घेतली आणि उरलेली सोमवारवर ढकलून सगळे घरी गेले. सोमवारी मोजलं तर तोच तुकडा, कोणी हात न लावता, कितीतरी कठीण झालेला. विल्मला आधी यंत्रच बिघडलं असं वाटलं म्हणतात. यंत्र ठीक होतं. धातू मुरला होता.

‘मुरणे’ हा शब्द माझा आहे. इंग्रजीत याला वय होणं म्हणतात, पण आपल्याकडे लोणचं मुरतं तो शब्द इथे जास्त शोभतो. बाहेरून काही घालायचं नाही, फक्त वेळ द्यायचा. का मुरतो, हे कळायला मात्र १९३८ उजाडलं. त्या वर्षी फ्रान्समध्ये गिनिए आणि इंग्लंडमध्ये प्रेस्टन यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, क्ष-किरणांनी दाखवलं की पाण्यात बुडवल्यावर धातूत विखुरलेले तांब्याचे अणू हळूहळू एकत्र येऊन अतिशय बारीक पुंजके करतात आणि धातूचे थर एकमेकांवरून सरकताना त्यांना अडकतात. म्हणजे डोळ्यांनी न दिसणाऱ्या लाखो खुंट्या. ही ताकद वस्तूच्या आकारात नसते, त्या खुंट्यांच्या मापात असते. विल्म स्वतः १९१९ मध्ये संशोधन सोडून शेती करायला निघून गेला. त्याच्या धातूला डुराल्युमिन नाव मिळालं, त्याचे सांगाडे झेपेलिनच्या हवाई जहाजांत गेले आणि पुढे विमानांत.

इथे वेल्डिंगचा घोळ सुरू होतो. ज्या खुंट्या मंद मुरण्याने बसल्या, त्या वेल्डिंगच्या आचेने विरघळून जातात किंवा वाजवीपेक्षा मोठ्या आणि विरळ होतात. जोडाच्या दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीचा पट्टा मऊ पडतो. खुद्द जोडाच्या आत वेगळीच आफत असते. तांबं किंवा जस्त मिसळलेला हा रस एकदम गोठत नाही. बहुतेक भाग घट्ट झाल्यावरही कणांच्या मधे पातळ रस शिल्लक राहतो आणि त्याच वेळी थंड होणारा धातू आकसतो. मग मधोमध चीर. मे महिन्यात तळ्याचा गाळ सुकताना फुटतो तसं. ७०७५ नावाचा मिश्रधातू आहे. जस्त, मॅग्नेशियम आणि तांबं घातलेला, साध्या बांधकामाच्या पोलादाहून ताकदवान आणि वजनाने त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. जपानच्या सुमितोमो कंपनीत १९३६ मध्ये त्याचाच जपानी भाऊबंद तयार झाला आणि झिरो या लढाऊ विमानाच्या पंखांत गेला. अमेरिकेच्या अल्कोआने १९४३ मध्ये ७०७५ बाजारात आणला. हा धातू वितळवून जोडायला गेलं तर एक तर तडकतो, नाहीतर अर्ध्या ताकदीवर येतो.

म्हणून जगाने काय केलं? रिव्हेट मारले. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे.आर.डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ते पस मॉथ विमान वेल्ड केलेल्या पोलादी नळ्यांचं आणि वर कापड चढवलेलं होतं. चार-पाच वर्षांतच डीसी-३ सारखी चकचकीत धातूची विमानं आली आणि ती मात्र लाखो रिव्हेट मारून शिवलेली. कापडाचं विमान वेल्ड केलेलं आणि धातूचं विमान शिवलेलं, हा उलटा न्याय मला फार आवडला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना काढला. युद्धाच्या दिवसांत तिथे अमेरिकी विमानांची दुरुस्ती चालायची, तिथलं कामही याच रिव्हेटांचं.

या रिव्हेटांची एक तऱ्हा ऐकून मला आपल्या कोळीणबाया आठवल्या. काही रिव्हेट याच मुरणाऱ्या धातूचे असत. तापवून पाण्यात बुडवले की थोडा वेळ मऊ, अर्ध्या तासात मारले नाहीत तर कठीण होऊन फुटायला लागत. म्हणून कारखान्यात ते बर्फाच्या पेटीत ठेवत. थंडीत मुरणं थांबतं. लागतील तेवढे काढायचे, लगेच ठोकायचे. बर्फातून पापलेट काढून विकावं तसा रिव्हेट. वेळ हा या धातूचा एक घटकच आहे, तांबं आणि जस्तासारखा. मुलगा हे सांगत होता तेव्हा गाडी नागोठण्याला थांबली होती आणि मी उतरणाऱ्या माणसांकडे बघत मामूंचा विचार करत होतो.

मामू, माझ्या अम्मीचे सख्खे भाऊ, वेल्डर होते. माझगावच्या एका वर्कशॉपमध्ये हात बसवला आणि १९८० च्या आसपास आखातात गेले. त्या काळात आपल्या कोकणातल्या घराघरांतून कोणीतरी जात होतं. आधीची पिढी बोटीवर खलाशी, ही पिढी फिटर, वेल्डर, फोरमन. बहारीनमध्ये १९७१ ला ॲल्युमिनियमची भट्टी पेटली होती, दुबईत १९७९ ला. आखात म्हणजे नुसतं तेल नव्हे, ॲल्युमिनियमही. मामू टिग वेल्डिंग करायचे. टंगस्टनची न वितळणारी सळई, भोवती आर्गॉन वायूचं कवच आणि डाव्या हातात फिलर. ही पद्धत १९४१ मध्ये अमेरिकेत नॉर्थ्रॉप कंपनीच्या रसेल मेरेडिथने मॅग्नेशियमसाठी बसवली. पुढे उलटसुलट वाहणाऱ्या विजेवर ती ॲल्युमिनियमला लागू पडली, कारण विजेच्या एका फेरीत ती हट्टी कातडी उडून जाते आणि दुसऱ्या फेरीत धातू तापतो. ॲल्युमिनियम वेल्डरला पोलादवाल्यापेक्षा पगार जास्त. पोलाद तापलं की लाल होऊन सांगतं, ॲल्युमिनियम रंग बदलत नाही, चकाकतं आणि पुढच्या क्षणी खाली गळून पडतं. मामू म्हणायचे, पोलादाला डोळे लागतात, याला कान.

सुट्टीवर आले की मुमानीसाठी सोनं, आमच्यासाठी टॉर्च आणि चॉकलेटं. १९८६ मध्ये ते अचानक परत आले आणि पुन्हा गेले नाहीत. रोह्यात खिडक्यांच्या ग्रिलचं दुकान टाकलं. घरात यावर कोणी बोलत नसे. मी मोठा झाल्यावर तुकड्यातुकड्यांनी कळलं. तिथल्या एका कंपनीत त्यांनी केलेल्या एका सांगाड्याचे जोड तपासणीत, क्ष-किरणाच्या फिल्मवर, पास झाले होते. दोन उन्हाळे गेले आणि जोडाच्या कडेला लांब चीर दिसली. कोणाच्या हातचं काम, याची नोंदवही असतेच. फोरमनने तो भाग कापून त्यांच्यापुढे टाकला आणि आठवड्यात पासपोर्टवर एक्झिटचा शिक्का. तो कापलेला तुकडा मामूंनी ट्रंकेत घालून घरी आणला. का आणला, कोण जाणे. २०११ मध्ये त्यांचं इंतकाल झालं, तोपर्यंत हात चुकला हेच त्यांच्या मनात होतं. ग्रिलसुद्धा ते दोनदा ठोकून बघायचे.

हे मी त्या मुलाला सांगितलं. त्याने पहिला प्रश्न विचारला, "चीर रनमध्ये होती की रनच्या शेजारी?"

मला कुठलं माहीत. पण तो प्रश्न का विचारला, हे त्याने समजावलं तेव्हा इतिहासाचं राहिलेलं पान उघडलं.

७०७५ जोडता येत नाही म्हटल्यावर धातूवाल्यांनी त्यातलं तांबं जवळजवळ काढून टाकलं आणि जस्त-मॅग्नेशियमचं प्रमाण कमी केलं. ७०२० हा त्या घराण्यातला. ताकद थोडी उतरली, पण हा बिनतक्रार वेल्ड होतो आणि त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे वेल्ड केल्यावर आपोआप पुन्हा मुरतो. आज जोडलं, पट्टा मऊ पडला, पण महिनाभर तसंच ठेवलं तर बरीचशी ताकद परत येते. युरोपच्या बांधकामाच्या नियमावलीत त्यासाठी तीस दिवस धरले आहेत. साध्या ६००० जातीच्या ॲल्युमिनियमला तीन. लष्करी पूल, गाड्या, रॉकेटच्या टाक्या, सगळ्यांना हा धातू देणगीसारखा वाटला.

पण जो वेळ त्याला घडवतो तोच त्याला पोखरतोही. जस्त-मॅग्नेशियमच्या या धातूत कणांच्या सीमा हळव्या असतात. जोडाच्या कडेला वेल्डिंगमुळे आतून ओढ शिल्लक राहिलेली असते. त्यात दमट हवा, मीठ, उष्णता. बाहेरून गंज दिसत नाही, वजन कमी होत नाही, तपासणीच्या दिवशी फिल्म स्वच्छ. महिन्यांनी किंवा वर्षांनी एक चीर कणांच्या सीमेवरून चालायला लागते. याला ताणगंज म्हणावं असं आम्ही दोघांनी ठरवलं. ब्रिटिश लष्कराच्या स्कॉर्पियन या हलक्या रणगाड्याचं कवच याच जस्त-मॅग्नेशियम घराण्यातल्या ॲल्युमिनियमचं, वेल्ड केलेलं. १९७० च्या दशकात तो सेवेत आला आणि त्याच दशकाच्या अखेरीस तडे दिसू लागले. विमानवाल्यांनी १९६० च्या दशकातच ७०७५ ला मुद्दाम जास्त मुरवून, थोडी ताकद सोडून, हा रोग आवरला होता. वेल्ड केलेल्या सांगाड्याला तसं नंतर भट्टीत घालणं सोपं नसतं.

आपल्या देशातलं उदाहरण तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे. १९ ऑगस्ट २०१३. श्रीहरिकोट्याला जीएसएलव्ही-डी५ उभं होतं. भारतीय बनावटीचं क्रायोजेनिक इंजिन त्यात होतं. त्याआधी २०१० च्या दोन्ही जीएसएलव्ही उड्डाणांत अपयश आलेलं, त्यामुळे सगळ्यांचे श्वास रोखलेले. उड्डाणाला एक तास चौदा मिनिटं उरली असताना मोजणी थांबवली. दुसऱ्या टप्प्याच्या टाकीतून इंधन गळत होतं. ती टाकी ॲफनॉर ७०२० या मिश्रधातूची होती. ॲफनॉर ही फ्रान्सची मानक संस्था. त्या टप्प्यातलं विकास इंजिनही फ्रान्सच्या वायकिंगवरून आलेलं. विक्रोळीच्या गोदरेजमध्ये ही इंजिनं घडतात, म्हणजे ही गोष्ट अगदीच दूरची नाही. चौकशी समिती बसली. हा धातू काळ गेला की ताणगंजाने तडकू शकतो, हे कारण पुढे आलं. टाकी बदलून २२१९ या तांब्याच्या मिश्रधातूची केली. हा धातू वेल्डिंगला त्यातल्या त्यात सोसतो, अमेरिकेच्या चंद्रावर गेलेल्या सॅटर्न रॉकेटच्या पहिल्या टप्प्याच्या टाक्याही त्याच्याच होत्या. ५ जानेवारी २०१४ ला तेच डी५ सुखरूप उडालं.

मी त्या चौकशीबद्दल मिळेल ते वाचलं. धातू बदलला, टाकी बदलली. कोण्या वेल्डरला नोंदवही दाखवून एक्झिट दिल्याचं कुठे आढळलं नाही.

त्या मुलाचा प्रबंध नेमका इथे आहे. वितळवून जोडण्याचा प्रश्न एका अर्थाने १९९१ मध्येच सुटत आला. केंब्रिजजवळच्या वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्ये वेन थॉमस आणि सहकाऱ्यांनी वितळवायचंच नाही असं ठरवलं. दोन पत्रे शेजारी घट्ट धरायचे, मधल्या फटीत एक फिरती कठीण खुंटी दाबून घालायची आणि पुढे सरकवत न्यायची. घर्षणाने धातू लोण्यासारखा मऊ होतो, वितळत नाही, आणि खुंटी त्याला घुसळून एकजीव करते. रवीने ताक घुसळावं तसं. रस झालाच नाही, तर गोठताना तडकणार काय? ७०७५ सुद्धा असा जोडला जातो. १९९९ मध्ये अमेरिकेच्या डेल्टा रॉकेटच्या टाकीचे असे जोड अवकाशात गेले. ‘घुसळजोड’ हा शब्द मी गोषवाऱ्यात घातला आहे. मुलगा आधी लाजला, मग त्याच्या गाइडला फार आवडला म्हणून कळवलं.

एक आठवण इथेच सांगून टाकतो. सूरह कहफमध्ये जुल्करनैनने बांधलेल्या भिंतीचा जिक्र आहे. लोखंडाचे ठोकळे तापवून लाल केले आणि वरून वितळलेलं तांबं ओतलं. कुरआनात विज्ञान हुडकण्याचा शौक मला नाही, त्या नादाने विज्ञानही हाती लागत नाही आणि कुरआनही. पण मुलाचे अब्बा, ज्यांनी स्वतः जुबैलला पाइप जोडण्यात वीस वर्षं घातली, ते गोषवारा वाचून म्हणाले, "म्हणजे लोखंड वितळवलं नव्हतं, तांब्याने सांधलं होतं. ब्रेझिंग." पन्नास वर्षं ती सूरह जुम्म्याला पढणाऱ्या माणसाला हे आपणहून दिसलं, ते मला फार महत्त्वाचं वाटतं.

या घुसळजोडावर आपल्या देशात प्रबंधांचा पाऊस पडला आहे, हे मात्र कबूल करावं लागेल. मुलानेच सांगितलं. खुंटी किती वेगाने फिरवली, किती वेगाने सरकवली, तिचा आकार कसा, या तीन-चार गोष्टी बदलायच्या, दुसऱ्या दिवशी तुकडे ओढून तोडायचे, आलेख काढायचा, झाली पीएच.डी. आमच्या बी.एड.च्या पाठटाचणांचीच ही मोठी भावंडं. त्याने वेगळं करायचं ठरवलं ते कोकणामुळे. तो म्हणतो, "सर, आपल्याकडे जूनमध्ये टांगलेली सायकल सप्टेंबरमध्ये ओळखू येत नाही. जोड दुसऱ्या दिवशी किती ताकदीचा आहे हे सगळे विचारतात. चार पावसाळ्यांनंतर किती, हे कोण विचारतो?" त्याने घुसळजोडाच्या पट्ट्या वाकवून, म्हणजे ताणात धरून, काही प्रयोगशाळेतल्या मिठाच्या पाण्यात ठेवल्या आणि काही रेवदंड्याच्या बाजूला एका नातलगाच्या गच्चीवर बांधल्या. गच्चीवरच्या पट्ट्यांमुळेच त्याचा प्रबंध लांबला. निकाल येईपर्यंत गच्चीवर जाऊन बघत बसण्यापलीकडे काही करता येत नाही, आणि शिष्यवृत्ती देणाऱ्यांच्या कागदांवर बघत बसण्याचा रकाना नसतो. मधे एक वर्ष तो महाडजवळच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होता. त्याच्या अम्मीने दोनदा विचारलं, नोकरी मिळत असताना पट्ट्या कशाला सांभाळतोस?

आपल्या तरुणांना मी नेहमी सांगतो की शिका. पण काय शिका, कशासाठी शिका, हे सांगताना माझी गाडी शिक्षकभरती आणि फार तर फार्मसीपर्यंत जाऊन थांबायची. आपल्या रायगडात श्रीवर्धनच्या सड्यावर बॉक्साइट आहे, तळोज्याला ॲल्युमिनियमचे पत्रे लाटले जातात, लोणेऱ्याला १९८९ पासून तंत्रशास्त्राचं विद्यापीठ आहे. पुण्याची मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाली ती ॲल्युमिनियमच्याच डब्यांची. आणि आपल्या मोहल्ल्यांत दोन पिढ्यांचे वेल्डर बसलेले आहेत, ज्यांच्या कानात या धातूचा आवाज आहे. या सगळ्यांची गाठ कधी पडलेली मी पाहिली नव्हती.

तर मामूंची ट्रंक. मार्चमध्ये, रमजानच्या आधी, मी आणि तो मुलगा रोह्याला मुमानीकडे गेलो. ट्रंक पलंगाखाली होती. तुकडा सापडला. साधारण वीतभर, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, कागद अरबी. मुलाने तो खिडकीशी नेला, खिशातली भिंग काढली आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग मला जवळ बोलावून बोट दाखवलं. मामूंचा रन माशाच्या खवल्यांसारखा एकसारखा पडलेला होता, एकही खवला मागेपुढे नाही. चीर त्याच्यातून गेलेली नव्हती. रनच्या कडेने, दोन-तीन मिलिमीटर सोडून, मूळ पत्र्यातून समांतर चाललेली होती.

पुढे तळोज्याच्या बाजूला एका तपासणी प्रयोगशाळेत त्याने ओळखीने धातूची जात बघून घेतली. जस्त आणि मॅग्नेशियम निघालं, तांबं नावापुरतं. म्हणजे त्याच घराण्यातला. तो मला लगेच म्हणाला, "सर, एवढ्यावरून ताणगंजच होता असं लिहू नका. रचनेत ओढ जास्त असेल, पत्रा बसवताना जबरदस्तीने ओढून बसवला असेल, फिलर कोणता दिला होता तेही माहीत नाही. चिरेच्या आत बघायला हवं, ती कणांच्या सीमेवरून गेली आहे की कणांच्या पोटातून. त्यासाठी तुकडा कापावा लागेल, घासून, आम्लात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा लागेल. मग तो असा राहणार नाही."

हे मुमानीला कोणी विचारायचं, यावर आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. शेवटी मीच गेलो. तिला चीर, जस्त, कणांच्या सीमा यातलं काही सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की मामूंचा हात चुकला नव्हता असं या मुलाला वाटतं, पण पक्कं करायचं तर तुकडा तोडावा लागेल. तिने तुकडा मांडीवर घेतला, पदराने पुसला. मग विचारलं की कापल्यावर उरलेलं परत मिळेल का. मुलगा म्हणाला, अर्ध्याहून जास्त मिळेल. तिने तो त्याच वर्तमानपत्रात पुन्हा गुंडाळून त्याच्या हातात दिला.